वारीत ‘मी’ उतरवायचा असेल तर क्रम चुकवू नका

आषाढी उरकली की मला दोन प्रकारचे फोन येतात. एक म्हणतो, अठरा दिवस चाललो, तळवे सोलून निघाले, पण आत काही हललं नाही बघ. दुसरा म्हणतो, अरे मी पार विरघळलो, मी म्हणून काही उरलंच नाही आता, आणि हाच माणूस पुढच्या आठवड्यात सोसायटीत पार्किंगवरून वॉचमनवर ओरडत असतो. दोघांची चूक एकच, शेवटची पायरी आधी चढायला गेले. ‘मी कुणीच नाही’ हे आळंदीतच म्हणून टाकलं आणि मग पुण्यात पाण्याच्या रांगेत कुणी मधे घुसला तर हा कुणीच नसलेला माणूस केवढा तरी मोठा निघाला.

तर हे सगळं क्रमाविषयी आहे. वारी कधी सुरू झाली, किती थोर आहे वगैरे इथे नाही. मी माऊलींच्या पालखीचा रस्ता धरून लिहितोय, आळंदी ते पंढरपूर, साधारण २५० किलोमीटर. २०२५ ला १९ जूनला प्रस्थान होतं आणि ६ जुलैला एकादशी, म्हणजे किती दिवस काढावे लागतात याचा अंदाज येईल. देहूहून तुकोबांच्या पालखीत चालणार असाल तर गावं वेगळी, बाकी तेच.

आणि अहंकार म्हणजे घमेंड असं धरू नका, घमेंड नसलेली माणसंसुद्धा दिवसभर ‘मला असं लागतं, माझं असं असतं’ यावरच चालतात. वारीत तेच उतरवायचंय. आधी शरीराची कुरकुर, मग सामान, मग आवडनिवड, मग दुसऱ्याकडून घेण्यातला संकोच, आणि सगळ्यात शेवटी ‘मी हे केलं’ हे.

१. तीन महिने आधी : पाय

हे अध्यात्मात कुठे बसतं असं विचारू नका. टाच दुखत असली की दिवसभर दुसरं काही सुचत नाही, माझी टाच, माझी टाच. सगळा ‘मी’ त्या टाचेत येऊन बसतो. त्यामुळे आधी पाय.

रोज ४-५ किलोमीटरपासून सुरू करा, शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस १५ ते २० किलोमीटर चालून बघा, सलग दोन दिवस महत्त्वाचं, कारण एक दिवस कुणीही चालतो. डांबरी रस्त्यावर, थोडं उन्हात, आणि ज्या चपला-सँडल वारीत घालणार त्याच घालून. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांब, ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट. तिथे नवीन बुटांचं उद्घाटन करायचं नसतं. पावसात मोजे भिजले की फोड येतातच, म्हणून बरेच जुने वारकरी साध्या चपलांवर चालतात. जांघेत घासून चट्टे पडतात याबद्दल कुणी बोलत नाही, खोबरेल किंवा व्हॅसलीन पहाटेच लावायचं, दुखायला लागल्यावर नाही.

सावध : बीपी, शुगर, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून जा आणि गोळ्या बंद करू नका. ‘माऊली बघून घेतील’ म्हणून गोळ्या घरी ठेवणारा माणूस मी बघितलाय, दुसऱ्या दिवशी त्याला उचलून ॲम्ब्युलन्समध्ये घालायला चार जण लागले.

२. दिंडी ठरवणं

पहिल्या वर्षी एकटे मोकळे चालू नका. दिंडीत नाव द्या, भिशी भरा, म्हणजे जेवणाची, तंबूची आणि ट्रकमधून सामान नेण्याची सोय होते. भिशी भरायच्या आधी एवढं विचारा : तंबूत किती माणसं झोपतात, बायकांची सोय वेगळी आहे का, आंघोळीचं पाणी कुठून येतं, ट्रक पहाटे किती वाजता निघतो. पैशाची पावती मागायला लाजू नका.

आता चूक कुठे होते, तर ऑफिसचा ग्रुप करून जातात. दहा जण एकाच कंपनीतले गेले की कंपनीच चालत असते हो, साहेब तिथेही साहेबच राहतो आणि त्याच्या विनोदाला दिवे घाटातसुद्धा हसावं लागतं. जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही अशी दिंडी बघा, फार तर एक मित्र बरोबर.

माळ घालायची घाई करू नका. माळ म्हणजे मांसाहार-दारू बंद, एकादशी, दर वर्षीची वारी, हे सगळं बरोबर येतं. माळ न घालता चालता येतं, कुणी हाकलत नाही. जोशात घातलेली माळ श्रावण संपेपर्यंत खुंटीला लागलेली असते आणि मग माणूस त्या खुंटीकडे बघायचंसुद्धा टाळतो.

३. सामान

एक बॅग ट्रकमध्ये, एक शबनम खांद्यावर. तीन जोड कपडे, पांघरूण, ताट-वाटी-पेला, टॉर्च, गोळ्या, पावसासाठी डोक्यावरून घ्यायचा प्लास्टिकचा मोठा कागद. छत्री नको, गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. बॅग भरून झाली की परत उघडा आणि ‘लागलंच तर’ म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू बाहेर काढा, माझ्या पहिल्या बॅगेतून अकरा निघाल्या होत्या, त्यात हवा भरायची उशी होती.

फोन न्या, पण रात्री पंधरा मिनिटं, घरच्या एकाच माणसाला. स्टेटस एकादशीपर्यंत बंद. हे तुम्हाला छोटं वाटेल, पण ‘आज दिवे घाट’ असं टाकलं ना, की पुढचे दोन तास माणूस घाटात नसतो, किती जणांनी बघितलं यात असतो.

तपासा : निघायच्या आदल्या दिवशी बॅग स्वतः उचलून दोन जिने चढा. धाप लागली तर अजून काढा.

४. पहिले चार दिवस : फक्त ओळीत राहा

आळंदी, पुण्याचा मुक्काम, मग सासवड. या दिवसात काहीही साधायला जायचं नाही. ध्यान नको, चिंतन नको, सेवा तर अजिबातच नको. पुढे पताका, मग टाळकरी आणि मृदंग, विणेकरी, त्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, यात तुम्हाला जिथे उभं करतील तिथे चालायचं.

मला टाळ येतो असा माझा समज होता, कॉलनीतल्या गणपतीत वाजवलेला. दुसऱ्याच दिवशी विणेकरी बुवांनी काही न बोलता माझं मनगट धरलं, आणि ओळीच्या शेवटी नेऊन एका पंधरा-सोळा वर्षांच्या पोराशेजारी उभं केलं. पोरगा म्हणाला, काका माझ्या पायाकडं बघा, हाताकडं नको. पावली आधी पायात बसते, हात आपोआप येतो, हे मला त्या पोराकडून कळलं, आणि तरी त्या दिवशी संध्याकाळी जेवण गेलं नाही, कारण तिथून रथ दिसत नव्हता!

भजनात एक साधी गोष्ट करा. शेजारच्याचा आवाज ऐकू येईल एवढाच आपला आवाज ठेवा. शेजारचा ऐकू येत नसेल तर तुम्ही मोठ्याने म्हणताय. अभंग पाठ नसेल तर धृपद तेवढं धरा, ओठ हलवायचं नाटक नको.

सावध : दिवे घाटात फोटोसाठी कठड्यावर, दगडांवर चढू नका. खाली हजारो माणसं असतात, निसटलेला दगड कुणाच्या तरी डोक्यात जातो.

५. आवडनिवड : ‘निदान’ मोजा

सासवड सोडलं की जेजुरी, वाल्हे. शरीर आता थोडं सरावलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच डोकं चालायला लागतं. चहा गोड आहे. शेजारचा घोरतो. तंबूच्या दाराशी जागा मिळाली, रात्रभर माणसं तंगड्या ओलांडून जातात. रोज पिठलंच का?

हे थांबवायला जाऊ नका, थांबत नाही. मोजा. ‘निदान’ या शब्दाने सुरू होणारी वाक्यं मोजायची, तोंडातली आणि मनातली दोन्ही. निदान पाणी तरी गरम पाहिजे होतं. निदान सांगायला तरी पाहिजे. निदान म्हातारी माणसं बघून तरी. माझा पहिल्या दिवसाचा आकडा दुपारपर्यंत चाळीसच्या वर गेला, मग मोजणं सोडलं. दुसऱ्या दिवशी परत मोजलं, आणि गंमत म्हणजे ‘नि’ म्हणायच्या आधीच हसू यायला लागलं. बस, एवढंच काम आहे या टप्प्यात.

तीन दिवसांचा एक नियम : जे ताटात येईल, जी जागा मिळेल, त्याला नाही म्हणायचं नाही. तब्येतीचं कारण असेल तर म्हणायचं, तिथे हट्ट नको. डायबेटिस असताना शिरा खाणं म्हणजे त्याग नाही, मूर्खपणा आहे.

पहाटे तीनला टँकरवर अंधारात आंघोळ करावी लागते, तिथे माझं एकदा बादलीवरून जोरदार भांडण झालंय. ज्याच्याशी भांडलो तो दुपारी विसाव्याला माझ्याच पंगतीत वाढायला आला आणि म्हणाला, माऊली, अजून घ्या. त्याच्या लक्षातही नव्हतं, की होतं, मला आजही कळलेलं नाही. मी मान खाली घालून दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

६. घेणं (इथे थांबा, हाच अवघड टप्पा आहे)

नीरा नदी ओलांडली, पादुकांचं स्नान झालं की लोणंद, पुढे तरडगाव, फलटण. या पट्ट्यात गावंच्या गावं वाटेवर येऊन उभी असतात. कुणी केळी देतं, कुणी चहा. चांभार फुकट चपला शिवून देतात, न्हावी दाढी करून देतात, कुणी पाय चेपतं.

शहरातल्या माणसाला द्यायला आवडतं. देणारा उभा असतो, घेणारा वाकलेला, म्हणून आवडतं. त्यामुळे नवखे काय करतात, तर पहिल्याच आठवड्यात सेवा शोधत फिरतात, पंगतीत वाढतात, भांडी घासतात, आणि आपण किती खाली उतरलो असं वाटून घेतात. मीही एकदा दिंडीची मोठी कढई घासायला घेतली होती, चांगली जोर लावून. स्वयंपाकाकडचे एक काका बराच वेळ उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, “फोटू झाला का? झाला आसंल तर ठेवा खाली, तळाचं करपलेलं तसंच ऱ्हायलंय.” फोटो कुणी काढत नव्हतं. पण काढल्यासारखंच घासत होतो मी, ते त्यांना मागून दिसलं.

म्हणून आधी घ्या. सांगतो काय झालं ते. लोणंदच्या अलीकडे रस्त्याकडेला पोतं अंथरून एक गृहस्थ बसलेले, पांढऱ्या मिशा, धोतर वर खोचलेलं, शेजारी पत्र्याच्या डब्यात तेल. माझे वडील असते तर त्याच वयाचे. मला म्हणाले बसा, आणि बसलो न बसलो तोच माझा डावा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. पाय चिखलाने भरलेला. मी मागे घेतला, म्हटलं काका राहू द्या, मीच तुमचे चेपतो. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही, पाय परत ओढला आणि म्हणाले, “गप बसा की वाईच. अजून चाळीस पाय ऱ्हायल्यात.”

मी गप बसलो. पंज्याच्या मधोमध अंगठा दाबत गेले ते थेट घोट्यापर्यंत, मग प्रत्येक बोट एकेक करून ओढलं, मग दुसरा पाय. तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. मला आतून काहीतरी बोलायचं होतं, मी अमुक आहे, पुण्यात असतो, असं काहीतरी, म्हणजे त्यांनी चिखलाच्या पायाला नाही तर मला तेल लावलं असं झालं असतं. ते म्हणाले, उठा. त्यांच्या चाळिसातले माझे दोन झाले होते.

तर या टप्प्याची रीत : जे कुणी देईल ते बसून घ्यायचं. ‘नको नको’ एकदासुद्धा म्हणायचं नाही. पैसे काढायचे नाहीत, खिशाकडे हात गेला तरी समजा की हिशोब मिटवायची घाई झालीय. स्वतःची ओळख सांगायची नाही. उठताना रामकृष्णहरी म्हणायचं आणि चालायला लागायचं.

सावध : गरजेपुरतंच घ्या. बिस्किटाचे पुडे गोळा करून पोतं भरणारे पण असतात, तो वेगळा आजार.

तपासा : रात्री आठवा, आज कुणाकडून काय काय घेतलं? पाच गोष्टी पटकन आठवल्या तर पुढे चला. नाही आठवल्या तर अजून दोन दिवस सेवेला हात लावू नका.

७. पाया पडणं, आणि कुठे पडायचं नाही

वारीत समोरासमोर आलेले दोघंही वाकतात, दोघांचेही हात एकमेकांच्या पायाला. नवखा माणूस इथे दोन चुका करतो. समोरचा वाकला की मागे सरकतो, किंवा निवडून पाया पडतो, म्हाताऱ्यांच्या पडतो, बुवांच्या पडतो, आणि फिरती शौचालयं धुणाऱ्या पोराला नुसती मान हलवतो. निवडून पडलेला नमस्कार म्हणजे मोजमापच झालं की. एक दिवस असा काढा की जो पहिला समोर येईल त्याच्या, बस.

अजून एक, आपल्या लोकांची खोड. ‘गाव कुठलं’ झाल्यावर हळूच ‘आडनाव काय’ येतं, आणि त्या प्रश्नात काय दडलेलं असतं ते विचारणाऱ्यालाही माहीत आणि सांगणाऱ्यालाही. वारीतसुद्धा येतं, खोटं कशाला बोलू. सगळे माऊली म्हणतात तर अठरा दिवस माऊलीवरच राहा, विचारूही नका आणि स्वतःहून सांगूही नका.

पण अहंकार सोडायचा म्हणजे अन्याय गिळायचा असं कुणी शिकवलं तर ऐकू नका. मुक्कामावर रात्री समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या असतात. चोपदार दंड उंच करतात, ‘हो’ अशी आरोळी होते, आणि एवढ्या मोठ्या तळावर क्षणात शांतता पसरते. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकून घेतली जाते, निवाडा होतो. म्हणजे गप्प बसणाऱ्यांच्या त्या मेळाव्यातसुद्धा टाळ वाजवत राहायची सोय ठेवलेली आहे. तुमच्या दिंडीत पैशाची लबाडी असेल, कुणी अंगचटीला येत असेल आणि वर ‘माऊली, अहंकार सोडा’ असं ऐकवत असेल, तर बोला, पोलिसांकडे जा, दिंडी सोडा.

८. रडू आलं तर, नाही आलं तर

माळशिरसच्या पुढे वेळापूरच्या अलीकडे धावा होतो, उतारावरून सगळे पंढरीच्या ओढीने धावत सुटतात. रिंगणाला अश्व पळून गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. इथे काही जणांना रडू फुटतं, कारण सापडत नाही. काही जण कोरडे राहतात आणि शेजारी रडणाऱ्याकडे बघून खट्टू होतात. मला चार वर्षांत एकदाच आलं, तेही धाव्यात नाही, ट्रकमध्ये बॅगा लावताना.

दोन्हीला काही अर्थ लावू नका. आणि लगेच सांगत सुटू नका, अनुभव तिसऱ्यांदा सांगितला की तो अनुभव राहत नाही, किस्सा होतो.

सावध : सलग दोन रात्री झोप नाही, आपल्यालाच काही खास संदेश येतोय असं वाटतंय, माणसांची भीती वाटतेय, असं झालं तर ती जागृती नाही. दिंडीप्रमुखांना सांगा, वाटेवर वैद्यकीय पथकं असतात तिथे जा, घरच्यांना बोलावून घ्या.

९. पंढरपूर

वाखरीला सगळ्या पालख्या गोळा झाल्या की ‘मी’ परत येतो, आणि तो ताजातवाना होऊन येतो. एवढं चाललो, मला दर्शन झालंच पाहिजे. पदस्पर्शाची रांग एकादशीला तासन् तास असते, आणि मग फोन निघतात, कुणाचा मेहुणा देवस्थानात आहे, कुणाचा आमदार ओळखीचा. अठरा दिवसांचं सगळं त्या एका फोनमध्ये जातं.

वशिला लावायचा नाही एवढं पाळा. रांगेत उभं राहायची ताकद असेल तर राहा, नसेल तर चंद्रभागेत स्नान, प्रदक्षिणा, कळसाचं दर्शन, आणि महाद्वारातली नामदेव पायरी. आत जाणाऱ्यांचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून नामदेवांनी मागितलेली ती जागा, तिथे डोकं टेकवा आणि बाजूला व्हा. बरेच वारकरी कळस बघून परत फिरतात आणि त्यांना काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. रजा असेल तर पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून निघा, नसेल तर हळहळ नको.

१०. घरी आल्यावरचे पंधरा दिवस

इथे सगळ्यात जास्त जण घसरतात, कारण वाटतं की संपलं. उलट आता एक नवा कोरा अहंकार तयार असतो, ‘आम्ही वारकरी’. कपाळाचा गंध ऑफिसात जरा जास्तच ठळक होतो. लंचला कुणी अंडं खाल्लं की चेहरा बदलतो.

तीन गोष्टी करा. विचारल्याशिवाय वारी सांगायची नाही, आणि विचारलं तर पाच मिनिटांत आटपायचं. ‘निदान’ मोजणं चालू ठेवायचं, घरी ते वारीपेक्षा जास्त येतात. आणि आल्या दिवशी, बॅग उघडायच्याही आधी, घरच्यांना विचारायचं की अठरा दिवस इथे काय काय झालं, आणि मधे न बोलता ऐकायचं. गॅस संपला होता, पोराला ताप होता, सासूबाईंचा पाय मुरगळला होता, तुम्ही टाळ वाजवत होतात तेव्हा कुणीतरी हे सगळं ओढत होतं.

मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. सोफ्यावर बसून कढईची गोष्ट रंगवून सांगत होतो, काकांचा आवाज काढून वगैरे. बायको ऐकत होती, हसली पण. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, आपल्याकडे पण एक कढई आहे रे, तळाला करपलेली, सोमवारपासून भिजत घातलीय.

तेव्हापासून रात्रीची भांडी माझ्याकडे आहेत. करपलेल्याला आधी पाणी आणि खायचा सोडा घालून उकळी आणा, मग घासा, जोर लावावा लागत नाही.